एकवचनातलं ‘चुकलो’

बांगडा सोडला होता मी, देवीच्या पायांवर हात ठेवून — आमच्या जोगेश्वरीच्या, गुंफेतल्या — फोन टाक गं ह्या पिशवीत, यंदा फोन मीच गोळा करतेय, बघत काय बसलीस, शर्यत संपली की मिळतो परत — तर बांगडा. सुरमई नाही हो सोडली, एवढी भाबडी नाही मी. म्हटलं, आई, आमच्या ह्यांच्या तोंडून एकदा, एकदाच, ‘चुकलो’ ऐकव आणि माझ्या उत्तराला घरात येऊ दे, तोवर बांगडा नाही. उत्तरा म्हणजे माझी लेक. धवलशी रजिस्टर लग्न केलं, आम्हाला न विचारता, आणि पेढे घेऊन आली तर हे दारात आडवे — ‘तुझं काय काम इथं?’ झालं. खोका उंबऱ्यावर ठेवून गेली पोर. आणि हे आत येऊन मला विचारतात, जेवायला काय आहे. बांगडा होता! तेव्हापासून चार वर्षं बांगडा बंद.

तू ह्यांना ओळखत नाहीस. एकतीस वर्षं बस चालवली. अख्खी मुंबई ह्यांना रस्ता विचारायची, हे कुणाला विचारणार? घरातसुद्धा कधी चुकले नाहीत. एकदा मीठ समजून आमटीत साखर घातली, तर म्हणाले, आमटी अशीच करतात. हसू नकोस, खाल्ली मी. तर गेल्या वर्षी ही नकाशाची शर्यत निघाली, इथंच, नॅशनल पार्कात. जोडीनं धावायचं, फोन नाही — जुन्या पद्धतीचा कागदी नकाशा, होकायंत्र, आणि झाडीत लपवलेले दहा केशरी-पांढरे झेंडे क्रमानं शोधायचे, प्रत्येकापाशी कार्डाला भोक पाडून घ्यायचं. नकाशा बघितलास ना? नुसत्या चकल्याच चकल्या — ते म्हणे चढ. ह्यांनी तो एकदाही माझ्या हातात दिला नाही. ‘तू फक्त मागे ये.’ — तुझा नवराही मगाशी हेच म्हणाला ना तुला? ऐकलं मी, कान आहेत मला. तर मी साडी खोचली, पायात ह्यांचेच जुने बूट, आणि निघाले मागे मागे.

चार झेंडे पटापट मिळाले. पाचव्याआधी ओढ्याला दोन फाटे, डावा आणि उजवा. हे गेले उजवीकडे. मग काय — दीड तास! एकाच वारुळाला दोनदा भेटलो, मी दोन्ही वेळा नमस्कार केला. चिवडा माकडानं नेला. एक कॉलेजची जोडी भेटली, म्हणाली, काका, हरवलात का? तर हे त्यांनाच रस्ता सांगायला लागले — तीही हरवली असणार बिचारी. बिबट्या आला असता तर त्यालासुद्धा सांगितलं असतं, पुढच्या वळणावर डावीकडे घे म्हणून. शेवटी एका दगडावर बसले. नकाशा उभा धरला, आडवा धरला, उलटा धरला. चष्मा पुसला. आणि म्हणाले, ‘चुकलो.’

अगं, काटा आला अंगावर! पण लगेच डोक्यात किडा — मी चुकलो, की आपण चुकलो? आपली मराठी अशी चतुर, पुरुषमाणसाला दोन्हीकडे ‘चुकलो’च. आणि नुसता रस्ता चुकले असतील तर? मी वर बघून हात जोडले, म्हटलं, आई, असल्या पळवाटा चालणार नाहीत, मी बांगडा सोडलाय, पालक नाही! आणि चार वर्षांत पहिल्यांदा विचारलं, ‘कोण चुकलं?’ हे परत चष्मा पुसायला लागले. ‘बरं, कुठं चुकलात?’ ह्यांनी नकाशावर बोट ठेवलं, ओढ्यावरून मागे मागे नेलं, फाट्यापाशी जरा थांबलं — आणि मग ते बोट कागदाच्या बाहेरच गेलं गं. काठावरून घसरून माझ्या गुडघ्यावर आलं. ‘दारात,’ म्हणाले. ‘पोर दारात उभी होती. मी चुकलो, जानकी.’

सगळ्यात शेवटी पोचलो आम्ही. फोन हातात आल्यावर हे म्हणतात, तिचा नंबर कुठून मिळवायचा आता? मी लगेच माझ्याच फोनवरून लावून दिला — पाठच होता, रोज दुपारी देवळात बसून बोलायचे ना तिच्याशी — हे ह्यांना अजून माहीत नाही हां, तुलाही उगाच सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, ‘हां आई, बोल,’ आणि ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, म्हणाले, ‘मी बोलतोय. घरी ये.’ येते आता दर रविवारी. धवल मासे खात नाही, पण वास सहन करतो. चांगलाय.

आता हे कुणाला बोलू नकोस — तो पाचवा झेंडा मला दिसला होता. डावीकडे, करंजाच्या झाडामागे, दहा पावलांवर. ह्यांचं डोकं नकाशात. मी कमरेचा पदर सोडला, पसरला, आणि उभी राहिले मध्ये. म्हटलं, ‘चला, उजवीकडे ना?’ असं काय बघतेस? सगळं देवीनं एकटीनंच करायचं का? तुला त्याच्या तोंडून काय ऐकायचंय ते मी विचारत नाही. पण तूपण तसंच कर. झेंडा दिसला तरी बोलू नकोस, जाऊ दे त्याला पुढे — शिट्टी झाली, आला बघ तो. पाणी दोघांचं तूच घे, वेळ लागेल. जा.