गावाचं जंगल

बाभुळगावच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या नजीर लोहाराच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन बायांचं बोलणं पडलं.

"पंचफुला, सरकारनं पैसे देल्ले अन् इजारदाराचं खाजगी जंगल तुमच्या गावानं इकत घेतलं म्हन्तेत."

"घेतलं ना, रुखमाबाई. कमिटी बसली, जंगल राखाले तारेचं कुंपन झालं."

"बरं झालं. त्याच जंगलातला वणवा इझवता इझवता तुहा मालक गेला."

"हो."

"मंग यवतमाळले कायले चालली?"

"कोर्टात तारीख हाये. आतून मोहफुलं येचून आनली, तर कमिटीनं चोरी लावली."

"कोनाची बायको हाये, थे नाही सांगतलं?"

"सांगतलं. म्हने, पैसे गावाले भेटले, तुमच्या बौद्धायच्या वस्तीले नाही."

त्या कुंपणाचं फाटक नजीरनंच घडवलं होतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.