जे आले तेच सांगतात

विमानाची भीती आकड्यांनी जाते असं कुणी म्हटलं, की मला आमची आईच आठवते. दादाला कलकत्त्याला नोकरी लागली आणि सोमवारी हजर व्हायचं तर विमानाशिवाय इलाज नव्हता. आईने साफ सांगितलं, "पेपरात विमानाचं नाव येतं ते पडल्यावरच. मी नाही पाठवायची."

मीही मनातून घाबरलेच होते, पण कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते ना! "अगं, सुखरूप उतरलेल्यांची बातमी कोण छापतं?" म्हणत मी तिला इंजिनिअर काकांकडे नेलं. अख्ख्या डोंबिवलीत विमानात बसलेले आमच्या ओळखीचे ते एकटेच.

"वहिनी, चारदा गेलो, चारदा आलो. खुशाल पाठवा," काका म्हणाले.

बाहेर पडताच आई म्हणाली, "ते आले म्हणून सांगताहेत. जे आले नाहीत त्यांना कुठे गाठायचं?"

तिचं तर बरोबरच होतं! घरी येऊन दादाला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "आई, आगगाडीचं तरी तुला कोण सांगतं? परत आलेलेच ना?"

आई म्हणाली, "खरंच की रे. मग आगगाडीनेही नको. तू जाऊच नकोस."

दादाचं हसू थांबलं. तो तिच्याशेजारी जाऊन बसला. "दिवाळीला येईन ना गं."

"कशाने?"

"तू म्हणशील त्याने."

"मग विमानानेच ये," डोळे पुसत आई म्हणाली, "लवकर पोचशील."