पाळणाघराला पैकीच्या पैकी

—झोप? झोप कुठली मॅडम! तुम्ही सहज विचारलंत म्हणून सांगते, रात्रभर एकच धास्ती, की पोरगी आज खोकणार. तुम्ही आलात आणि नेमकी तेव्हाच खोकली, तर तुमच्या त्या टॅबमध्ये कुठंतरी खोकल्याचा रकाना असणार, तुम्ही तिथं बोट टेकवणार, आणि तिकडं कुठल्यातरी थंड देशात, तुम्ही दिलेले गुण बघून आमच्या कंपनीत पैसे गुंतवणारे पेन्शनीतले आजी-आजोबा म्हणणार, नको गं बाई, सोलापुरातल्या टॉवेलच्या फॅक्टरीत पोरं खोकतात, आपले पुण्याईचे पैसे दुसरीकडं लावू. हसा, हसा, मीही हसते, पण माझी बढती त्याच पुण्याईच्या पैशांवर आहे – अहो, ती खुर्ची नको, ती मुलांची, अडकलात तर ओढून काढायला दोघं लागतील. हे स्टूल घ्या. ही माझी दानेश्वरी. दानू, मॅडमना नमस्कार कर – केला की!

तर हे आमचं पाळणाघर. भिंतीवर जिराफ, हत्ती, आणि तो गाढवासारखा दिसतोय तो झेब्रा आहे, पेंटरचा काळा रंग संपला. बुटकं बेसिन, मऊ फरशी, कॅमेरा, घसरगुंडी – तुमच्या संस्थेनं जे जे मागितलं ते ते सगळं. मागच्या वर्षी ह्या खोलीनं पैकीच्या पैकी मिळवले. माहितीये कशावर? 'मुलांचे अपघात – शून्य.' शून्यच असणार की हो, खोलीला कुलूप असतं – म्हणजे कुलूप म्हणजे, साफसफाईनंतर, धूळ जाऊ नये म्हणून – जाऊ दे. गेलं तोंडातून. एचआरमध्ये मला कुणी घेतलं हे मलाच कोडं आहे, मॅडम. तोंड बंद ठेवायचं हीच तर नोकरी, आणि नेमकं तेवढंच मला जमत नाही.

उघडलं होतं हो आधी! रिबीन कापली, पेढे वाटले. शिलाईतल्या निंगव्वाचा पोरगा घसरगुंडीवरून तोंडावर आपटला, ओठ फुटला. पोरं पडतात, नाही का? दानू तर सपाट जमिनीवर पडते. पण मी पडले प्रामाणिक – तुमच्या लोकांना अपघात कळवला. गुण धाडकन खाली. मालक ओरडले नाहीत. चहा पाजला, ते चहा पाजतात तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणाले, "महेश्वरीताई, पोरं आली की पडणार. खोली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. खोलीत पोरं पाहिजेत असं कुठं लिहिलंय?" मी शोधलं, मॅडम. ओळ न् ओळ वाचली. खरंच नाही लिहिलेलं.

मग पोरं कुठं? शिलाईतच. रिजेक्ट टॉवेलची झोळी, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं खांबाला, आणि दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला – मशीन चालली की झोळी हलते. निर्यातीच्या मालात झोपतात हो आमची पोरं, लई गाढ! धोका नाही असं नाही म्हणत मी, सुई आहे, करंट आहे, पण झोळीला तुमच्याकडं रकाना एकच: 'कामाच्या ठिकाणी बालक'. तो बालमजुरीचा. निंगव्वाच्या धाकटीला अजून बसताही येत नाही, आणि ती मजूर! म्हणून आज झोळ्या सोडल्या, लेकुरवाळ्या बायकांना घरी पाठवलं – बिनपगारी, अर्थात. निंगव्वा जाताना म्हणाली, "यव्वा, तुमच्या त्या चांगुलपणावाल्या बाई येणार असल्या की आदी सांगत जा की, माजा दिवस बुडतो."

तुम्हाला बोलत नाही हं मी. तुम्ही काय, दिलंय ते मोजणार. पण भवानी पेठेत चनबसप्पांचे माग आहेत, घराला लागूनच. त्यांची बायको बसव्वा कामावरच्या बायकांची सगळी पोरं सांभाळते, भाकरी खाऊ घालते, धपाटेही घालते, पाठीत. त्यांना किती गुण? गुणच नाहीत. तुमच्याकडून मोजून घ्यायची फी त्यांना झेपत नाही, आणि न मोजलेल्याला चांगलं कोण म्हणणार? आमची फी मालक भरतात. दानूच्या शाळेत पेपर तपासणाऱ्या बाईंचा पगार मी भरला असता ना, तर दानूही पहिली आली असती – रागावलात? नाही? मग बरंय.

काय? एकच प्रश्न राहिला? 'मुलाशी प्रत्यक्ष बोलणे'. हां. तो. – राहू दे म्हणता? तसंच 'हो' टाकून देता?

– नको. ते बोट जरा वर घ्या, मॅडम. खोकल्याची मी थापच मारली. खोलीत दाखवायला एक पोर पाहिजे असं मालक म्हणाले, म्हणून काल तिच्याकडून मी पाठ करून घेतलं, 'मी इथं रोज येते, मला इथं आवडतं.' ती असते घरी, माझ्या सासूबाईंपाशी. ही खोली तिनं आज पहिल्यांदा बघितली. मला वाटलं, अडखळेल, लाजेल, मग मालकांना सांगता येईल की पोरगी ऐकत नाही, दुसरं काहीतरी बघा. तर पहिल्याच फटक्यात घडाघडा म्हणाली! वर मान वाकडी करून, लाडात. मुलं कशी वाढवावीत ह्यावरची इतकी पुस्तकं वाचली मी, त्यात खोटं बोलणाऱ्या मुलांचं काय करावं ते होतं. शिकवणाऱ्या आईचं काय करावं ते कुठंच नव्हतं. रात्रभर तेच. खोटं बोलताना अडकली तर, ही भीती नव्हती हो – अडकली नाही तर?

बढती गेली तर गेली. म्हणजे गेली तर मी रडणार, नवरा आठवडाभर तोंड पाडून बसणार, पण ते नंतर. दानू, इकडं ये. झेब्रा राहू दे, ये इकडं. हे बघ, कालचं ते नाही म्हणायचं. मॅडम विचारतील, तू फक्त खरं सांगायचं. कुणी रागावणार नाही. – विचारा, मॅडम. – बोल की गं. माझ्याकडं काय बघतेस? त्यांना सांग. खरं खरं.

"आई, खरं म्हणजे तू शिकवलेलं, का सकाळी मालककाकांनी शिकवलेलं?"