सख्खं का चुलत?

शाहूपुरीतल्या पुस्तकांच्या दुकानात बिलासाठी उभा होतो. माझ्यापुढं शिरोळच्या एक बाई होत्या.

"दादा, चौदा वर्षांच्या पोरासाठी कादंबरी द्या की. भावाभावांची."

"ही न्या, वैनी. दोन भाऊ. आई वारल्यावर थोरला धाकट्याला संभाळतो."

"भांडत्यात काय?"

"मधी भांडत्यात. शेवटी जवळ येत्यात."

"सख्खं हायत का चुलत?"

"पुस्तकात नुसतं भाऊ लिहिलंय."

"आमच्यातबी तसंच हुतं. माझा सम्मेद आणि जावेचा अभिनंदन, एका ताटात जेवायची. दिवाळीत वाटणी झाली, सोप्यात भिंत घातली. परवा सम्मेद मित्राला सांगत हुता, 'ह्यो माझा चुलतभाऊ.' त्यो शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, बघा."

"अभिनंदन काय म्हणला?"

"चपला घालून भाईर गेला."

"मग दोन देऊ का? दोघांस्नी एकेक?"

"दोन नको. दोन झाली की आपापल्या घरात बसून वाचतील."

"बरं, एक देतो. आत नाव काय घालू?"

"दोघांचंबी घाला. आडनाव एकदाच."