तिसरा खण

बाबा: आला का तिसरा खण?

लेक: अजून नाही बाबा. वीस वर्षांची पत्रं आहेत, नव्या ईमेलवर यायला दोन-चार दिवस लागणारच.

बाबा: मंगळवारीही हेच म्हणालीस. पहिला खण आला, आलेल्या पत्रांचा. दुसरा आला, पाठवलेल्यांचा. तुझी हॉस्टेलवरची पत्रं आली, त्या विमा कंपनीच्या जाहिरातीसुद्धा आल्या. तिसऱ्याचंच घोडं कुठे अडलंय?

लेक: नेटला अडचण आहे जरा.

बाबा: आणि सकाळपासून तीनदा गॅलरीत जाऊन, दार लोटून फोनवर बोललीस ते?

लेक: ऑफिसचं होतं.

बाबा: हं. एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो मी. गाडी उशिरा असली की फळ्यावर 'उशिरा' लिहायचं, येणारच नसली की 'रद्द'. लोक दोन शिव्या हासडतात आणि पायी घरी जातात. पण रद्द झालेल्या गाडीपुढे 'उशिरा' लिहून माणसांना ताटकळत ठेवायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. आता सांग. उशिरा आहे, की रद्द?

लेक: बाबा, ऐका तरी आधी.

बाबा: एका शब्दात.

लेक: रद्द.



बाबा: कायमची?

लेक: कायमची. जुनं खातं मी रविवारीच बंद करून टाकलं. आज त्या ईमेल कंपनीच्या माणसाला फोनवर गाठलं, नुसते पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, खातं बंद केलं की सगळं पुसलं जातं, आम्हालाही परत काढता येत नाही.

बाबा: तू तर म्हणाली होतीस, सगळं उचलून नव्यात मांडून देते.

लेक: तसंच करणार होते. जुनं अगदीच टाकाऊ झालं होतं बाबा. बँकेचं पत्र येईना, पेन्शन ऑफिसचं परत गेलं, दर खेपेला पासवर्ड मागायचं. म्हटलं आलेच आहे चार दिवस, तर हे एक मार्गी लावून जावं. नव्या ईमेलने विचारलं, काय काय आणू? आलेली, पाठवलेली, अर्धवट राहिलेली. हवं त्यापुढे खूण करायची होती. अर्धवटमध्ये तीन हजारांवर पत्रं दिसली. त्यांना आणखी तासभर लागला असता. मला वाटलं, तुम्ही पाठवायचं बटण दाबायला विसरता, त्याचा हा ढीग साठलाय. एक उघडून पाहिलं.

बाबा: कुठलं?

लेक: "डबा ओट्यावर आहे. खिडकी लावून जा, मांजर येतं." बस. वर पत्ता नाही, खाली नाव नाही. म्हटलं, हा कचरा कशाला न्यायचा.

बाबा: मी तिथेच होतो तेव्हा.

लेक: हो.

बाबा: चहा आणून ठेवला होता तुझ्यापुढे. म्हणालो, काही अडलं तर विचार गं.

लेक: तेच तर खातंय मला. विचारावं असं मनात आलं होतं बाबा. पण तुम्हाला विचारलं की तुम्ही आधी चष्मा शोधणार, मग खुर्ची ओढणार, मग अगदी मुळापासून सांगायला बसणार. अर्धा तास गेला असता. मला उरकायचं होतं. तो अर्धा तास वाचवला मी.

बाबा: आणि हे कळलं कधी तुला?

लेक: मंगळवारी. तुम्ही म्हणालात, तुझी आई तिसऱ्या खणात आहे. तेव्हा समजलं, तो कचरा नव्हता. पण काय आहे तिथे, हे विचारायचा धीर झाला नाही. थापा मारत राहिले. आता सांगता का? आईचं काय होतं त्यात?

बाबा: खातं तूच काढून दिलं होतंस आम्हाला. हॉस्टेलवर गेलीस तेव्हा. दोघांत मिळून एकच.

लेक: आठवतंय.

बाबा: माझी पहाटेची पाळी, तिची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारची. मी घरी यायचो तर ती निघून गेलेली, ती यायची तर मी आडवा झालेला. एकदा तुला पत्र लिहिता लिहिता ती मध्येच उठली आणि ते तसंच राहिलं. मी डेपोतून उघडलं, तर ते अर्धं तिथे. खाली दोन ओळी लिहून मीही ठेवून दिलं. लॅबमधून तिने उघडलं, त्याखाली आणखी लिहिलं. मग तोच परिपाठ पडला. पाठवणार कुणाला? पत्ता दोघांचा एकच. ती म्हणायची, एका घरातल्या माणसांनी टपाल कसलं करायचं, खणात ठेवावं आणि दुसऱ्याने काढून घ्यावं.

लेक: मला कधी बोलला नाहीत.

बाबा: बोलण्यासारखं काय होतं? नळवाला येणार आहे. समोरच्या बाईंचा जावई परत राहायला आलाय, बघितलंच नाही असं दाखवा. भांडणंही तिथेच. मला सवय, मी वर वेळ टाकायचो, नऊ चाळीस. ती खाली लिहायची, गाडी वेळेवर सुटली, आता मुद्द्याचं बोला.

लेक: अगदी आईच.

बाबा: तुझं लग्नही तिथेच ठरलं.

लेक: म्हणजे?

बाबा: माझा साफ नकार होता. अकरा दिवस ती रोज मला लिहीत होती. बाराव्या दिवशी मी लिहिलं, बरं.

लेक: मला तर म्हणाला होतात, पहिल्यापासून माझी ना नव्हतीच.

बाबा: ते तिनेच माझ्याकडून वदवून घेतलं.

लेक: काय लिहायची ती, अकरा दिवस?

बाबा: शब्द आठवत नाहीत गं. तिथे होते ना, म्हणून कधी पाठ केले नाहीत.

लेक: बाबा, बोला मला. रागवा.

बाबा: रागावलोय. लपवणार नाही. दोन दिवस तरी माझ्याशी गोड बोलायला येऊ नकोस. पुसलंस त्याचा राग आहेच, पण वर तोंड करून 'नेटला अडचण' म्हणालीस, तो जास्त लागला. पण तुला फाडून बोलायला मला तोंड नाही.

लेक: का नाही?

बाबा: आज वार कुठला?

लेक: गुरुवार.

बाबा: पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा अबोला चालला होता. कारण काय, तर मी कपाटाचं दार उघडं टाकतो. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, खण उघडायचाच नाही. तीन दिवस उघडला नाही. चौथ्या दिवशी उघडला, तर तिने लिहून ठेवलेलं, "गुरुवारी तपासणीचा निकाल आणायला जायचंय. एकटीला भीती वाटते. याल का?" आणि तो दिवस शुक्रवार होता.

लेक: आई एकटी गेली?

बाबा: एकटी गेली. एकटीने ऐकलं. एकटी परत आली, तीही माझ्याच डेपोच्या बसने. पुढे वर्षभर आजार काढला, पण त्या गुरुवारावरून मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

लेक: तोंडाने सांगायचं ना तिने तुम्हाला.

बाबा: सांगू शकली असती. मी खण उघडू शकलो असतो. तू मला विचारू शकली असतीस. आपल्या घरात सगळ्यांना सगळं येतं.

लेक: आणि मग?

बाबा: ती गेल्यावर मी त्या ओळीखाली लिहिलं, "येतो." चार वर्षं दर गुरुवारी उघडतोय. वाचायचं, मिटायचं. बाकीची तीन हजार गेली तर गेली म्हणेन एक वेळ. ते एक मला हवं होतं.

लेक: मी काय करू बाबा? खरंच सांगा, काय करू?

बाबा: नव्यात तिसरा खण असतो का?

लेक: असतो.

बाबा: काय आहे त्यात?

लेक: काहीच नाही.

बाबा: उघड. थांब, चष्मा कुठे ठेवला मी?

लेक: शोधा सावकाश. मला घाई नाही.

बाबा: सापडला. ती खुर्ची ओढ इकडे. हं, लिही. गुरुवारी तपासणीचा निकाल आणायला जायचंय. एकटीला भीती वाटते. याल का? एवढं मात्र पाठ आहे मला.

लेक: लिहिलं.

बाबा: आता सरक. खालचं मी लिहितो. किती वाजले?

लेक: अकरा वीस.

बाबा: अकरा वीस. येतो. झालं.

लेक: बाबा, त्याखाली मी लिहिलं तर चालेल?

बाबा: काय लिहिणार?

लेक: माझं चुकलं म्हणून.

बाबा: तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं नाही. मला सांगितलंस ते सगळं लिही. अर्ध्या तासाचंही लिही. मी चहा टाकतो तोवर.

(लेक लिहीत बसते.)

लेक: लिहिलं बाबा. वाचून दाखवू?

बाबा: मला नको. तिचं आहे ते.

लेक: मग आता काय करू?

बाबा: पाठवू नकोस. नुसतं ठेव.