वरातीतला बार

"परवाना हाय माझ्याकडे, वयनी," मी तक्रार केली म्हणून चौकीत आणलेला माझा दीर जमादारासमोर छाती काढून मलाच सुनावत होता. आदल्या दिवशी नवापूरच्या वरातीत यानं ताडी पिऊन हौसेनं बंदुकीचा बार काढला. छर्रे बायकांच्या डोक्यावरच्या मांडवाच्या झापांतून आरपार गेले. खाली माझी पोटुशी सून बसलेली.

"परवाना रानडुकरांसाठी दिलाय, भावजी. वरातीत कुठलं डुक्कर शिरलं होतं?"

जमादारानं कागद उलटसुलट पाहिला. "कागद बरोबर हाय, बाई. का यानं एक बार काढला म्हणून आता गावातल्या सगळ्यांच्याच बंदुका काढून घेऊ?"

"मग डुकरं हाकायला तुमी येणार काय?" मी म्हटलं. "शेतात भात उभं हाय तवर बंदूक याच्याकडं राहू दे, पण लग्नसराईत ती तुमच्या चौकीत राहील, नायतर माझ्या विहिरीत."