नमराची पोती

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि रिसोडच्या बाजारातले नामांकित अडते आदरणीय माणिकराव, मंचावरील पाहुणे मंडळी, पहिल्या रांगेत मोठ्या आग्रहाने बसवलेल्या रहमतबी आणि त्यांच्यासोबत पोती शिवणाऱ्या सगळ्या बाया, दाराशी उभे असलेले हमाल बांधव, आणि जिच्यासाठी ही शाल आणली ती माझी विद्यार्थिनी नमरा, सर्वांना नमस्कार. निवेदकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी चित्रकलेची शिक्षिका. शाळेत माझा तास नेहमी गणितवाले घ्यायचे, त्यामुळे आज थोडा वसूल करते.

नमरा नागपूरला चित्रकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेते. तालुक्यातली बहुधा पहिलीच. लोक तिच्या आईला, रहमतबींना, विचारतात, "मंग पोरगी आता मेहंदीचे क्लास लावन काय?" नाही हो. या शिक्षणात शेवटच्या वर्षी पेपर नसतो. स्वतःच्या कल्पनेतून एक मोठं काम उभं करायचं आणि परीक्षकांसमोर त्याच्या शेजारी उभं राहून ते का केलं हे सांगायचं. येत्या गुरुवारी तिची ती परीक्षा आहे.

तिने काम कशाचं केलं? पोत्यांचं. रहमतबी बाजारातली फाटकी पोती दाभण-सुतळीने शिवून देतात, त्यावरच हे घर चाललं. नमराने तीच फाटकी पोती घेतली आणि बायांना सांगितलं, ठिगळ आपापल्या घरचं लावा. कुणी लुगड्याचा काठ आणला, कुणी बुरख्याची बाही. हिरीबाईंनी झोळीचा कपडा आणला. "माये चारी लेकरं याच झोळीत झोपले," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने शिवला. वर्षभर हे चाललं. ही पोती छताला टांगून आत दिवे लावायचे होते. एकदा मी पाहिलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी सहसा रडणारी बाई नाही.

घरात जागा नव्हती म्हणून माणिकरावांनी गोदामाचा कोपरा दिला. उपकार मान्य. त्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी फोटोही काढला, "आमच्या गावची कलाकार" असं लिहून सगळ्यांना पाठवला. मलाही आला होता.

काल सोयाबीनची आवक वाढली. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, कमी पडला. आता आपल्या बाजाराची रीत तुम्हाला माहीत आहे, ठिगळ लावलेलं पोतं म्हणजे भरायला तयार पोतं. म्हणून हमालांवर माझा राग नाही. त्यांच्यातल्या मुन्नाने तर विचारलं होतं, "शेठ, हे त नमराचे व्हय ना?" त्यावर उत्तर काय मिळालं? "भर ना बे, पोतेच त हायेत."

भरली. शिवली. ट्रक तेलाच्या कारखान्यावर गेला.

माणिकराव, मान खाली घालू नका, मी अजून रागवायला सुरुवातही केलेली नाही. पोती तुम्हाला ओळखू आली नाहीत असं म्हणता? फोटोत तुमचा हात हिरीबाईंच्या झोळीवर आहे. नमरा काल तुमच्या दुकानात आली तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात? "बेटा, नवे कोरे पोते देतो, तुले पाहिजे तेवढे." नवं कोरं पोतं घेऊन तिने परीक्षकांना काय सांगायचं? हे आमच्या शेठजींनी दिलं?

रहमतबी तिला म्हणाल्या, "रो मत बेटा, मी दुसरे शिवतो." पण ती झोळी दुसरी कुठून आणणार? हिरीबाई सकाळी माझ्या घरी आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, माया कपडा कुठी गेला?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे. तुम्ही द्या, त्या समोरच बसल्या आहेत.

मुन्नाने सकाळी ड्रायव्हरला फोन केला. ट्रक अजून कारखान्याच्या रांगेत उभा आहे. एकदा माल उतरला की पोती हुकाने ओढतात, उसवतात आणि भंगारवाला ढिगाने घेऊन जातो. माल तुमचा आहे. ट्रक थांबवा, असं फक्त तुम्हीच सांगू शकता. हे तुम्हाला सकाळी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आधी सत्कार होऊन जाऊ द्या, मंग पाहू." पोरीचं वर्ष बुडालं तरी चालेल, सत्कार बुडता कामा नये. धन्य आहे आपली. आपल्याला कलाकार हवा असतो तो हार घालायला आणि फोटोला. त्याचं काम मात्र पोतं असतं.

सभ्य भाषणाच्या शेवटी आभार मानतात. मंडप घालणाऱ्यांचे आभार, बायांचे आभार, मुन्नाचे तर विशेष आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने मला पदरात घ्यावं. अध्यक्षांकडे मात्र मी माफी मागत नाही. ती त्यांनी मागायची आहे, आणि माझ्याकडे नाही.

नमरा शाल घ्यायला उठणार नाही. जेवण गार होईल, होऊ द्या. माणिकराव, फोन तुमच्या खिशात आहे. लावा, आणि या माइकसमोर धरा. ट्रक मागे वळला हे हिरीबाईंना ऐकू येईपर्यंत मी इथून हलत नाही.